शुगर आहे, पण कोणती?

सकाळी सात वाजता आमच्या लॅबचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर चार-पाच जण बसलेले असतात. उपाशीपोटी आलेले, त्यामुळे जरा चिडलेले. एखादे काका हळूच विचारतात, "चहा चालेल का हो, बिनसाखरेचा?" नाही चालत. मग एकेकाला आत घ्यायचं, रक्त काढायचं आणि दोन बाटल्यांत भरायचं. राखाडी बुचाची बाटली साखरेसाठी, जांभळ्या बुचाची 'तीन महिन्यांच्या शुगर'साठी. राखाडी बाटलीत फ्लोराइड असतं, कारण रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या बाटलीत ठेवलं तर तासाला पाच-सात टक्क्यांनी आकडा खाली येतो आणि शुगरवाला माणूस कागदावर बरा होतो.

वीस वर्षं हे काम करतेय, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, उसाच्या पट्ट्यात. रिपोर्ट हातात पडला की लोक घरी फोन लावतात आणि म्हणतात, "शुगर निघाली." पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती?" "कोणती?" असं मी आजवर फार थोड्यांच्या तोंडून ऐकलंय.

माझ्या लक्षात राहिलेले तीन रिपोर्ट सांगते. तिघांचाही आकडा तीनशेच्या वर होता. पहिला नऊ वर्षांचा मुलगा, महिनाभरात कपडे ढिले झालेले, रात्री पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलेला. दुसरे बावन्न वर्षांचे किराणा दुकानदार, पोट पुढे, त्रास काहीच नाही, विम्यासाठी तपासणी करायला आलेले. तिसरा बीडकडून ऊसतोडीला आलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण, नुसती हाडं, टीबीची शंका म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला, आणि टीबीच्या तपासणीबरोबर साखर बघायचीच असते म्हणून ती बघितलेली. आमच्या मशीनला तिघं सारखेच. प्रत्यक्षात तिघांच्या शरीरात तीन वेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं असतं तर एखाद्याच्या जिवावर बेतलं असतं.

हे समजायला आमच्याकडचं पाण्याचं गणित बरं पडतं. विहिरीवर मोटार चालू असते, पाटातून पाणी वाहतं, आणि शेतात एक गडी दारं धरायला उभा असतो. तो एका वाफ्याचं दारं फोडतो, तो भरला की माती लावून बंद करतो, पुढचं उघडतो. रक्तातली साखर म्हणजे पाटातलं पाणी. वाफे म्हणजे स्नायू आणि चरबी. इन्सुलिन म्हणजे तो गडी. तो राहतो स्वादुपिंडात, जठराच्या मागे असलेल्या एका ग्रंथीत, तिथल्या बीटा पेशींमध्ये. मेंदू आणि तांबड्या पेशी आपलं पाणी आपण घेतात, त्यांना दारं धरणारा लागत नाही. बाकीच्या शिवाराला लागतो.

आणि मोटार? ती म्हणजे यकृत. हे बहुतेकांना माहीत नसतं. आपण जेवत नाही तेव्हा, म्हणजे रात्रभर, यकृत रक्तात साखर सोडत राहतं. मोटार आवरती घेण्याचं कामही त्याच गड्याचं. म्हणून "रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, तरी सकाळी एकशेसाठ कशी?" या प्रश्नाचं उत्तर ताकात नाही, मोटारीत आहे.

एरवी या पाटात पाणी किती असतं, हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त, त्यात सगळी मिळून साखर पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. हा हिशेब अहोरात्र सांभाळला जातो. रिपोर्टवरचा आकडा १८०च्या आसपास गेला की मूत्रपिंडाला साखर अडवता येत नाही, ती लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते. मग वारंवार लघवी, मग तहान, मग वजन उतरणं. जुन्या ग्रंथांनी याला मधुमेह म्हटलं ते या गोड लघवीवरूनच.

पहिला मुलगा टाइप १. त्याच्या बाबतीत गडीच मेला होता. शरीराची जी फौज जंतूंशी लढते तीच चुकून बीटा पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. का उलटते याचं पूर्ण उत्तर नाही. काही वारशाचं, काही बाहेरचं, असं मिळून होतं. चॉकलेट खाल्ल्याने होत नाही. हे मी ठळक सांगते, कारण त्याच्या आईने माझ्यासमोर बसून पहिलं काय म्हटलं असेल तर, "मीच लाडावला हो याला." नाही ताई, तुम्ही काही केलं नाही.

गडी नसला की पाट तुडुंब आणि वाफे कोरडे. उपाशी पेशींसाठी शरीर चरबी जाळायला काढतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. मग पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. अशा मुलाला कधी पित्त म्हणून, कधी गॅस्ट्रो म्हणून सलाइन लावलं जातं, आणि त्यात ग्लुकोज असेल तर आगीत तेल. बोटाला टोचून अर्ध्या मिनिटात कळण्यासारखी ही गोष्ट आहे. उलट्या करणारं, धापा टाकणारं आणि तरीही सारखी लघवी करणारं मूल समोर असेल तर ते टोचणं राहता कामा नये.

या मुलांना रोज इन्सुलिन लागतं. गोळी नाही, काढा नाही, पर्यायच नाही. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने काढत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडात टोरोंटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा गुण आला नाही. बारा दिवसांनी सुधारलेलं दिलं आणि साखर उतरली. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. बँटिंग आणि मॅक्लाउड यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. बँटिंग यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिन आणि आपला बालदिन एकाच तारखेला येतात.

इथे एक फसवी जागा आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उरल्यासुरल्या बीटा पेशींना जरा उसंत मिळते आणि त्या थोडं काम करू लागतात. डोस एकदम कमी होतो. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. नातेवाईक म्हणतात, "बघा, त्या अमक्या बाबाच्या औषधाने गुण आला." आणि इन्सुलिन बंद होतं. असं एक मूल मी आयसीयूत पोहोचलेलं पाहिलंय.

दुकानदार काकांचं वेगळं. त्यांचा गडी जिवंत होता, उलट दुप्पट राबत होता. पण वाफ्यांची दारं चिकणमातीने अशी घट्ट बसली होती की फोडता फुटेनात. याला इन्सुलिनला दाद न देणं म्हणतात. मग स्वादुपिंड एकाच्या जागी दोन गडी पाठवतं, तीन पाठवतं. काही वर्षं आकडा ठीक दिसतो, आतून मात्र ओढाताण चाललेली असते. एक दिवस गडी थकतात, आणि तेव्हा 'शुगर निघते'. म्हणजे निघते तेव्हा ती नवीन नसते, बरीच जुनी असते. म्हणूनच टाइप २चं निदान होतं त्याच दिवशी डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतलं प्रथिन तपासायला सांगतात. काका म्हणाले, "मला काहीच होत नाही, कशाला एवढं?" होत नाही म्हणूनच.

आणि वर्षांनुवर्षांनी या लोकांनाही इन्सुलिन लागू शकतं. तेव्हा ऐकू येतं, "माझी टाइप २ची टाइप १ झाली." होत नाही तसं. रोग तोच, गडी संपत आले, एवढंच. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी ही समजूतही याच गोंधळातून आली आहे.

आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वदाहून अधिकांची शुगर ही टाइप २ असते. २०२३ मध्ये आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले: प्रौढांत ११.४ टक्के मधुमेही, आणखी १५.३ टक्के बॉर्डरवर. सगळ्यांत वरचा नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. चारातल्या एकाला.

"पण मी तर बारीक आहे" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि त्याचं उत्तर पुण्यात सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. बघायला दोघंही सडपातळ. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा एकच आकडा दाखवतो, आतला माल वेगळा. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण ही आठशे ग्रॅमची तूट स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, चरबी मात्र राखलेली. म्हणजे आपल्याकडे वाफे कमी आणि दारं गच्च, हे काही अंशी आईच्या पोटातच ठरून येतं. हे वाचल्यापासून मी बारीक माणसाला "तुम्हाला नाही व्हायची" असं गमतीतही म्हणत नाही.

बारीक आणि जाड हा भेद तसा जुना. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, दोन प्रकार सांगितलेत. एक सहज, म्हणजे जन्मासोबत आलेला: हा रोगी कृश, कमी खाणारा, फार तहानलेला. दुसरा अपथ्याने झालेला: हा स्थूल, खादाड, बसून-लोळून राहणारा. मुलगा आणि दुकानदार काका या दोन खान्यांत बरेचसे बसतात. ऊसतोडीचा तरुण बसत नाही.

त्याच्यासारखे रोगी डॉक्टर सत्तर वर्षांपासून बघत आलेत. १९५५ मध्ये जमैकात त्यांचं वर्णन झालं. तरुण, अतिशय कृश, साखर खूप चढलेली, आणि तरीही कीटोन साठत नाहीत. टाइप १ म्हणावं तर कीटोन हवेत, टाइप २ म्हणावं तर चरबी हवी. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी जोडलेला मधुमेह म्हणून त्याला यादीत जागा दिली, आणि १९९९ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून काढून टाकली. नाव गेलं, रोगी राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर अशा तरुणांची बारकाईने तपासणी करून २०२२ मध्ये दाखवलं की यांच्यात इन्सुलिन कमी बनतं, पण बनतं तेवढ्याला शरीर चांगली दाद देतं. आमच्या भाषेत, दारं भुसभुशीत आहेत, गडी पहिल्यापासूनच कमी. लहानपणी अन्न पुरेसं मिळालं नाही म्हणून स्वादुपिंडाची वाढच खुंटली, असा यामागचा विचार आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने याला टाइप ५ असं नाव दिलं. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलंय असं नाही, वाद चालू आहे. (टाइप ३ आणि ४ कुठे गेले? जुन्या वर्गवारीत तिसऱ्या खान्यात 'इतर विशिष्ट कारणांचे' आणि चौथ्यात गरोदरपणातला होता.)

नावाच्या वादापेक्षा उपचार महत्त्वाचा. अशा रोग्याला टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन दिलं तर साखर धाडकन खाली येते, आणि ज्याच्या घरी पुढच्या जेवणाची खात्री नाही त्याला ते जास्तच जड जातं. 'गोड बंद, भात बंद, वजन उतरवा' हा टाइप २चा सल्ला तर त्याच्यासाठी उलटाच. त्याला खायला हवं. आमच्याकडच्या त्या तरुणाला नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यासाठी आणखी तपासण्या हव्या होत्या, स्वादुपिंडात खडे नाहीत ना हे बघायला हवं होतं. खड्यांमुळे किंवा दारूने स्वादुपिंड खराब होऊनही शुगर येते. मार्चमध्ये गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावाकडे गेली, आणि त्याचा दुसरा रिपोर्ट आमच्याकडे झालाच नाही.

गरोदरपणातली शुगर ही आमच्या लॅबमधली सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत नकोशी तपासणी. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. आम्ही लिंबू पिळून देतो. तरी एखादीला उलटी होतेच. अर्ध्या तासाच्या आत झाली तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, नंतर झाली तर तपासणी पुढे चालू. दोन तासांनी १४० किंवा जास्त आली की शुगर. सरकारी पद्धतीत यासाठी उपाशी यावं लागत नाही. तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, कारण बाळाला पोसणारी वार जशी वाढते तशी तिची हार्मोन्स आईच्या पेशींची दारं घट्ट करत जातात. आईची साखर बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड जोरात काम करतं, बाळ मोठं होतं, आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते.

बाळंतपणानंतर ही शुगर बहुतेकींची जाते. नेमकं तिथेच आम्ही कमी पडतो. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, पण तोवर बाळंतीण माहेरी, बाळाचं बारसं, डिंकाचे लाडू. कोणी येत नाही. यातल्या बऱ्याच जणी पुढे दहा-पंधरा वर्षांत टाइप २ घेऊन त्याच पायरीवर बसलेल्या दिसतात.

दुर्मिळ प्रकार अनेक आहेत, एकच सांगते. काही घरांत आजोबा, वडील, मुलगी, तिघांनाही पंचविशीच्या आत शुगर, तिघंही सडपातळ, इन्सुलिनशिवाय चाललेलं. हा एकाच जनुकातल्या दोषाचा प्रकार असू शकतो, डॉक्टर त्याला मोडी म्हणतात. लिपी नव्हे. त्यातल्या एका जातीत उपाशीपोटीची साखर जन्मभर ११०-१४०च्या दरम्यान राहते आणि सहसा औषधच लागत नाही. दुसऱ्या एका जातीत साध्या, स्वस्त गोळीचा छोटा डोस झकास काम करतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शुगर निघाली तर जनुक तपासायलाच हवं; २००४ नंतर अशी किती तरी बाळं इन्सुलिनवरून गोळीवर आली.

शिवाय औषधांनी चढणारी शुगर. २०२१ मध्ये करोनासाठी स्टेरॉइड घेतलेल्यांचे चारशे-पाचशेचे रिपोर्ट आम्ही रोज काढत होतो, आणि काळी बुरशी त्यामागोमाग आली.

एवढं वाचून कुणी आकडे विचारेलच. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.५ टक्के किंवा वर: शुगर. त्रास नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा बघतात. उपाशीपोटी १०० ते १२५, सरासरी ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर. पण ही सरासरी तांबड्या पेशींवरून निघते, त्या साधारण १२० दिवस जगतात म्हणून ती 'तीन महिन्यांची'. पेशीच बिघडलेल्या असतील तर ती खोटं बोलते. लोह कमी असलेल्या बाईची खरी असते त्यापेक्षा जास्त येऊ शकते. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे, तिथे या आकड्यावर विसंबून चालत नाही.

शेवटची गोष्ट एका शिक्षिकेची. वय एक्केचाळीस, बारीक, घरात कुणालाच शुगर नाही. गोळ्या सुरू झाल्या, आधी बरं वाटलं, मग वर्षभरात एकाच्या तीन गोळ्या आणि तरी आकडा चढता. पथ्य पाळत नाही म्हणून सगळ्यांची बोलणी खाल्ली. सासूबाई तर तिचा डबा उघडून बघायच्या. एके सकाळी ती नवीन डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: सी-पेप्टाइड आणि गॅड अँटिबॉडी.

"हे काय नवीन? शुगरच बघायची ना?"

मी तिला सांगितलं की ही शुगर नाही, तुमचा गडी आहे की नाही ते बघतायत. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे ते किती आहे त्यावरून घरचं उत्पादन किती ते कळतं. आणि गॅड अँटिबॉडी असल्या तर फौज उलटली आहे. ही टाइप १सारखीच गोष्ट, पण मोठेपणी आणि सावकाश घडणारी. डॉक्टर तिला लाडा म्हणतात. पहिले काही महिने, कधी काही वर्षं ती हुबेहूब टाइप २सारखी वागते.

नमुना बर्फात घालून पुण्याला पाठवला. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: सी-पेप्टाइड अगदी कमी, अँटिबॉडी भरपूर. ती काउंटरवर उभी राहून तो दोनदा वाचत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "याची एक झेरॉक्स द्या, सासूबाईंना दाखवायचीय."

आता ती तीन महिन्यांनी एकदा येते. शेजारी बसलेलं कुणी विचारतंच, "तुम्ही एवढ्या बारीक, तुम्हाला कशी शुगर?" ती पर्समधून इन्सुलिनचं पेन काढून दाखवते आणि विचारते, "तुमची कोणती?"